प्लग बदलताना हात हलका: टूरिंग बाइकचे स्पार्क प्लग घरी बदलण्याची सविस्तर कृती

स्पार्क प्लग बदलायला दहा मिनिटे लागतात. माझ्या गाडीत त्या दहा मिनिटांच्या आधी तासभर टाकी उतरवण्यात जातो आणि नंतर जवळजवळ तेवढाच वेळ ती परत बसवण्यात. गाडी ६५० सीसीची, दोन सिलिंडरची, लिक्विड कूल्ड. प्लग टाकीच्या खाली, हेडमध्ये (सिलिंडरच्या डोक्यावरच्या भागात) खोल विहिरीत बसलेले. बाहेरून कितीही वाकून पाहिले तरी दिसत नाहीत.

बाबांना हे पटत नाही. त्यांच्याकडे राजदूत होती. तिचा प्लग हेडवर समोरच, एक पाना लावला की हातात. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे, त्यामुळे प्लग काळा व्हायचाच. म्हणून खिशात एक जादा प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा. इंदूरमध्ये राजेंद्रनगरच्या आमच्या पोर्चमध्ये मी काम काढले की ते खुर्ची टाकून बसतात आणि सूचना देतात. "अगं, घासून लाव की तोच! नवा कशाला?" नंतर, "आता अजून एक आवळ, सैल राहील." राजदूतला या दोन्ही गोष्टी चालून गेल्या. आजच्या गाडीत पहिलीने प्लग वाया जातो आणि दुसरीने हेड.

आधी आपल्या गाडीत किती प्लग आहेत ते बघा

एक सिलिंडर म्हणजे एक प्लग असे नसते. हिमालयन ४११ मध्ये एक, इंटरसेप्टर ६५० मध्ये दोन. पण डॉमिनार ४०० ला सिलिंडर एकच असून प्लग तीन आहेत, आणि व्ही-स्ट्रॉम ६५० ला सिलिंडर दोन पण प्लग चार. गोल्ड विंग १८०० ला सहा. एकाहून अधिक प्लग असतील तर सगळे एकाच वेळी बदलायचे. एक नवा आणि एक जुना ठेवला तर पुढच्या वेळी टाकी पुन्हा उतरवावी लागणार, आणि पैशांपेक्षा तोच त्रास मोठा आहे.

कधी बदलायचे, हे गाडीच्या मॅन्युअलमधल्या देखभालीच्या तक्त्यात असते आणि तोच आकडा धरायचा. साधा निकेलचा प्लग लवकर झिजतो, इरिडियमचा जास्त टिकतो. झीज कशाने होते याचा एक हिशेब मला नेहमी गंमतीचा वाटतो. फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला २५०० वेळा पेट्रोल पेटते, म्हणजे तासाला दीड लाख ठिणग्या. ताशी सरासरी ६० ने १२,००० किलोमीटर चालवली तर २०० तास, म्हणजे ३ कोटी ठिणग्या. प्रत्येक ठिणगी इलेक्ट्रोडचा कण कण खाते, गॅप, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधली फट, वाढत जाते, आणि वाढलेली गॅप ओलांडायला ठिणगीची वीज पुरवणाऱ्या कॉइलला जास्त व्होल्टेज काढावे लागते.

लक्षणे सांगायची तर: सकाळी स्टार्टर जास्त वेळ फिरवावा लागतो, आयडलिंगला गाडी थरथरते, चढावर ॲक्सिलरेटर पिळला की मिसिंग मारते. माझी पहिल्यांदा सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात अडखळली, मागे सामान आणि वरच्या गिअरमध्ये ओढत होते तेव्हा. सपाट रस्त्यावर तिने काहीच दाखवले नव्हते. जोर लागतो तेव्हा सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाटलेल्या हवेतून ठिणगी पडणे अवघड होते. कमजोर प्लग म्हणूनच घाटात उघडा पडतो. पण हीच लक्षणे तुंबलेल्या एअर फिल्टरची, खराब पेट्रोलची किंवा उतरलेल्या बॅटरीचीही असतात. किलोमीटर झाले नसतील तर आधी ते तपासा. एअर फिल्टर स्वस्त आहे आणि हाताशी आहे.

प्लगवरचा कोड वाचायला शिका

दुकानात जाऊन "भिया, बाइकचा प्लग द्या" म्हटले तर समोरचा भिया जो हाताला लागेल तो देईल, आणि तो आट्यात नीट बसेलही. बसला म्हणजे बरोबर असे नाही. मॅन्युअलमधला पूर्ण कोड कागदावर लिहून न्या.

उदाहरणासाठी एनजीके कंपनीचा एक अगदी सर्रास दिसणारा कोड घेऊ: सीपीआर८ईए-९. पहिला 'सी' सांगतो की आटे १० मि.मी. व्यासाचे आणि पान्याचा षटकोन १६ मि.मी.चा. ('डी' असेल तर १२ आणि १८.) 'पी' म्हणजे चिनीमातीचे टोक थोडे बाहेर आलेले. 'आर' म्हणजे आत रेझिस्टर आहे. ८ हा उष्णतेचा आकडा. 'ई' म्हणजे आट्याची लांबी १९ मि.मी. पुढचा 'ए' घडणीतला बारीक फरक. आणि शेवटचा ९ म्हणजे गॅप ०.९ मि.मी.

यातले कोणतेही अक्षर 'जवळपास सारखे' चालत नाही. आट्याची लांबी जास्त झाली तर प्लगचे टोक पिस्टनवर किंवा व्हॉल्व्हवर आदळू शकते. कमी झाली तर हेडमधले खालचे आटे उघडे राहतात, त्यांवर कार्बन बसतो, आणि नंतर योग्य लांबीचा प्लग आत जाताना ते आटे सोलतो. रेझिस्टर नसलेला प्लग लावला तर ठिणगीचा विद्युत गोंगाट इसीयूपर्यंत (इंजिनच्या संगणकापर्यंत) आणि सेन्सरांपर्यंत जातो.

उष्णतेच्या आकड्याबद्दल थोडे जास्त. 'गरम' प्लग आणि 'थंड' प्लग यांत ठिणगीचा काही संबंध नाही. टोकाची उष्णता हेडकडे किती वेगाने निघून जाते, एवढाच फरक. टोक साधारण ४५० अंशांच्या वर राहिले तर त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. ८५०च्या पुढे गेले तर तेच टोक निखाऱ्यासारखे होऊन ठिणगीआधीच पेट्रोल पेटवते आणि पिस्टनची वाट लागते. प्लगला या दोहोंच्या मधे ठेवणे हे त्या आकड्याचे काम. एनजीके आणि डेन्सोत आकडा वाढला की प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये नेमके उलटे, आकडा वाढला की गरम. कंपनी बदलून अंदाजाने प्लग घेणारे इथेच फसतात. माळव्यातला उन्हाळा कडक आहे म्हणून एक नंबर थंड प्लग लावण्याचा सल्लाही मला दोनदा मिळाला आहे. बाहेर ४३ अंश असो की १३, जिथे ४५० ते ८५० चा खेळ आहे तिथे तीस अंशांनी काय होणार? कंपनीने दिलेलाच नंबर ठेवा.

नकली प्लग बाजारात आहेत. सियागंजच्या बाजारात हत्यारे मी आनंदाने घेते, प्लग मात्र अधिकृत डीलरकडून बिलासह. तरी शंका आलीच तर मल्टिमीटर लावा. रेझिस्टरवाल्या प्लगच्या वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत साधारण ५ किलोओहम दाखवायला हवेत. शून्याजवळ काटा गेला तर 'आर' फक्त छापलेला आहे. गॅस्केटची रिंग सहज गळून पडत असेल, छपाई नखाने निघत असेल, मधले इलेक्ट्रोड डोळ्यांना वाकडे दिसत असेल, तर परत करा.

हत्यारे

गाडीच्या सीटखालच्या किटमध्ये प्लगचा पाना असतो. रस्त्यावर अडचणीत तो चालतो, पण घरी पातळ भिंतीचा प्लग सॉकेट घ्या, आत रबर किंवा चुंबक असलेला. माझ्या गाडीला १६ मि.मी.चा लागतो. जाड भिंतीचा साधा सॉकेट विहिरीत उतरतच नाही आणि जबरदस्ती केली तर अडकून बसतो. त्याला जोडायला लांब एक्स्टेन्शन आणि रॅचेट. टाकी आणि पॅनेलसाठी ॲलन की आणि ८, १०, १२ चे बॉक्स पाने.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला टिचकी वाजवणारा पाना, हवाच, आणि छोटा हवा, साधारण ५ ते २५ न्यूटन-मीटरच्या टप्प्याचा. कारच्या चाकाचे नट आवळायचा मोठा रेंच इथे उपयोगाचा नाही, कारण त्याच्या खालच्या टोकाला अचूकताच नसते. माझ्या सगळ्या हत्यारांत हेच सर्वांत महाग आहे, आणि कारण पुढे येईलच.

शिवाय तारेचा गॅप गेज, हवा मारायला कॉम्प्रेसर किंवा निदान सायकलचा पंप आणि त्याला लावलेली बारीक नळी, डायलेक्ट्रिक ग्रीस, मास्किंग टेप, आणि अंड्यांचा रिकामा ट्रे. ट्रेच्या एकेका खणात एकेका ठिकाणचे बोल्ट. आणखी एक वस्तू, जिचे नाव कोणत्याच किटमध्ये नसते: पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा. तो जपून ठेवा.

इंजिन गार, आणि तुळशीपुढचा दिवा विझलेला

हे काम रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर सकाळी करायचे. 'हात लावला, कोमट आहे' एवढे पुरत नाही. हेड ॲल्युमिनियमचे, प्लग पोलादाचा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते आणि गरम असताना त्याचे आटे मऊ असतात. गरम हेडमधून प्लग काढताना आटे सोबत येण्याचा धोका खरा आहे.

माझी गाडी ज्यांच्याकडे सर्व्हिसिंगला होती, त्या गॅरेजात एकदा गरम इंजिनमध्येच प्लग बदलले आणि नवा प्लग थेट रॅचेटने फिरवत आत घातला. तेव्हा काहीच कळले नाही. वर्षभराने मी घरी तो काढायला गेले तेव्हा प्लगबरोबर चमकदार ॲल्युमिनियमची एक लांबलचक गुंडाळी बाहेर आली. हेडचे आटे होते ते. हेड उतरवून, भोक मोठे करून, त्यात हेलिकॉइलचे, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचे, नवे आटे बसवावे लागले. दोन प्लगच्या किमतीच्या कैक पट खर्च झाला आणि महिनाभर गाडी उभी राहिली. हे काम मी घरी करायला लागले ते तेव्हापासून.

टाकी उतरवायची म्हणजे पेट्रोल आले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. उघड्या जागी काम करा, आणि आसपास उदबत्ती, निरांजन, तुळशीपुढचा दिवा, गॅसचा गीझर, काहीही पेटते नको. आईला मी आदल्या रात्रीच सांगून ठेवते. टाकीत पेट्रोल पाव भरलेले असताना हे काम काढले तर पाठीवर उपकार होतात.

सीट काढा. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा. बाजूची पॅनेल काढताना प्लास्टिकच्या खुंट्या रबरात बसलेल्या असतात, त्या सरळ ओढायच्या. तिरकी ओढली की खुंटी तुटते आणि पॅनेल पुढची दहा वर्षे खडखडते. प्रत्येक पायरीला मोबाइलवर एक फोटो. आत्ता मूर्खपणा वाटतो, परत जोडताना वाटत नाही.

टाकीचे मागचे बोल्ट सोडून ती थोडी उचला आणि लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवा. खाली तीन प्रकारच्या गोष्टी जोडलेल्या दिसतील: पंपाचा वायरचा जोड, पेट्रोलचा पाइप, आणि पाणी-वाफ बाहेर जाण्याच्या एक-दोन बारीक नळ्या. नळ्यांना टेप लावून 'डावी', 'उजवी' लिहा. पाइपमध्ये फ्युएल इंजेक्शनच्या (कार्बुरेटर नसलेल्या) गाडीत साधारण ३ बारचा दाब असतो, मागच्या टायरमध्ये भरतो तेवढा किंवा थोडा जास्तच. तो आधी उतरवायचा. पंपाचा जोड सोडा, बॅटरी तात्पुरती जोडून गाडी सुरू करा. ती काही सेकंदांत आपोआप बंद पडेल. हे आदल्या संध्याकाळीच करून टाकले तर सकाळी इंजिन गारच सापडते. तरीही पाइप सोडताना भोवती जाड फडके गुंडाळा आणि डोळ्यांवर चष्मा घाला. दाबायच्या क्लिपा ओढाताण न करता निघतात. निघत नसतील तर आपण चुकीच्या बाजूला दाबतो आहोत.

विहीर साफ करणे

मला विचाराल तर सगळ्या कामात या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, आणि लोक नेमकी हीच गाळतात.

टाकीखाली काय काय साठते हे एकदा बघण्यासारखे असते. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते, पावसाळ्यात चिखल होऊन चिकटते, आणि इंजिनच्या उष्णतेने वाळून तिची खपली होते. माझ्या गाडीत मांडूच्या रस्त्यावरचे बारीक खडेही निघाले होते. प्लग काढला की त्या जागी सिलिंडरमध्ये उघडे भोक असते. त्या क्षणी विहिरीच्या काठावरचा एक खडा आत पडला की तो पिस्टनच्या डोक्यावर. पुढच्या स्टार्टला सिलिंडरच्या भिंतीवर त्याची रेघ उमटणार.

म्हणून आधी वरून ब्रशने आणि हवेने सगळे झाडून घ्या. मग कॉइल काढा. माझ्या गाडीत प्रत्येक प्लगवर लांब दांड्यासारखी कॉइल बसते. आधी तिचा वायरचा जोड सोडायचा, मग कॉइल दोन्ही बाजूंना थोडी थोडी फिरवून सरळ वर ओढायची. पेचकस घालून उचकटायची नाही. फुटली तर ती प्लगपेक्षा खूपच महाग पडते. जुन्या पद्धतीची प्लग कॅप असेल तर कॅपला धरून ओढा, वायरला धरून नको.

आता विहिरीत टॉर्च मारा. मोबाइलला जोडायचा स्वस्त कॅमेरा मिळतो, तो इथे कामी येतो. तळाशी पाणी किंवा गंज दिसला तर हेडच्या बाजूला पाणी निघून जाण्याचे बारीक छिद्र आहे का ते शोधा. बऱ्याच गाड्यांत असते आणि मातीने बुजलेले असते. पातळ तारेने मोकळे करा. विहिरीत हवा मारताना तोंड बाजूला आणि डोळ्यांवर चष्मा.

प्लगला सॉकेट नीट, सरळ, पूर्ण खाली बसवा. तो तिरका असताना जोर दिला तर प्लगची चिनीमाती तडकते. एक झटका देऊन पाव फेरा सैल करा आणि थांबा. सॉकेट काढा, पुन्हा हवा मारा. प्लगच्या कडेला अडकलेली माती आत्ता सुटते, आणि प्लग अजून भोक बंद करून बसलेला असतो. त्यानंतरच पूर्ण काढा.

मधेच फिरणे जड वाटले तर पुढे रेटू नका. थोडे मागे आवळा, पुन्हा सोडा, गंज सोडणाऱ्या तेलाचे दोन थेंब टाका, अर्धा तास चहा घ्या. पुढे-मागे करत आणलेला प्लग आटे शाबूत ठेवून येतो.

जुना प्लग काय सांगतो

काढलेले प्लग ट्रेमध्ये डावा-उजवा लिहून ठेवा. टोक फिके तपकिरी किंवा करडे असेल तर सगळे ठीक. इंजेक्शनच्या गाडीत आणि आजच्या पेट्रोलवर ते अगदी फिकट दिसते, त्याला घाबरू नका. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर बघा. फक्त घरापासून राजवाड्यापर्यंत जाणाऱ्या गाडीतही हे होते, कारण प्लग तापतच नाही. ओले, तेलकट काळे म्हणजे ऑइल ज्वलनकक्षात येते आहे. पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्हची सील. ते घरचे काम नाही. पांढरेशुभ्र, फोड आल्यासारखे, कडा वितळलेल्या, असे असेल तर गाडी जास्त तापते आहे किंवा चुकीचा प्लग आहे. नवा लावून गप्प बसू नका, दाखवून घ्या.

दोन्ही सिलिंडरचे प्लग एकमेकांपेक्षा वेगळे दिसत असतील तर एकट्या प्लगच्या रंगापेक्षा ती गोष्ट महत्त्वाची आहे.

इथे बाबा पॉलिश पेपर घेऊन उठतात. इरिडियमचे टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे असते. इरिडियम वितळते २४०० अंशांच्या वर, निकेल १४५५ला, म्हणून ते इतके बारीक करता येते. पण घासाघाशीने ते तुटते. तारेचा ब्रश नको, पेपर नको. काजळी असेल तर क्लीनरचा फवारा मारून कोरडे करा, नाहीतर बदला.

गॅप

राजदूतच्या काळी हॅक्सॉ ब्लेड आत सरकवून गॅप मापायची पद्धत होती. आता नवा प्लग कंपनीतून ठरलेल्या गॅपचाच येतो, पण वाटेत पडलेला असू शकतो, म्हणून तारेचा गेज घालून बघायचे. मॅन्युअलमधल्या मर्यादेत असेल तर हात लावू नका. नसेल तर फक्त बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड, केसभर, वाकवायचा. नाण्यासारखा गोल गेज मधे घालून मधल्या इलेक्ट्रोडवर रेटा दिला की इरिडियमचा प्लग तिथेच संपला. तसा निघाला तर मी दुकानात परत नेऊन देते, वाकवत बसत नाही. फरशीवर पडलेला प्लगही मी लावत नाही, वरून धड दिसला तरी.

नवा प्लग: आधी बोटे, मग रेंच

रबरी पाइपचा तो तुकडा आता घ्या. प्लगच्या वरच्या टोकावर तो घट्ट सरकवा आणि प्लग विहिरीत सोडा. टोक आट्यावर टेकले की आधी उलटे, म्हणजे सोडण्याच्या दिशेने, हळू फिरवा. एका जागी बारीकसा 'टक्' जाणवतो. आट्याचे तोंड आट्याला सापडले. आता सुलटे फिरवा.

पाइपच का? प्लग तिरका धरला गेला असेल तर आटे अडतात आणि पाइप प्लगवरून घसरतो, पुढे ढकलत नाही. रॅचेट घसरत नाही. तो निमूटपणे नवे आटे कापत जातो आणि हाताला काही सांगत नाही. माझ्या हेडचे नुकसान असेच झाले होते. प्लग पाइपने, म्हणजे बोटांच्या जोरानेच, अगदी तळापर्यंत जायला हवा. सगळे फेरे सहज गेले पाहिजेत. दोन फेऱ्यांत अडला तर काढा, आटे पुसा, पुन्हा सुरुवात करा. तीनदा अडला तर थांबा आणि आटे कॅमेऱ्याने बघा.

आट्याला ग्रीस, ऑइल किंवा तांब्याची पेस्ट लावू का, असा प्रश्न नेहमी येतो. चमकदार मुलामा असलेल्या प्लगला नको. एनजीके स्वतः नको म्हणते. चिकटपणा कमी झाला की रेंचवर तोच आकडा दिसूनही प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो.

तळाला टेकल्यावर टॉर्क रेंच. आकडा मॅन्युअलचाच घ्यायचा. अंदाज असावा म्हणून सांगते: ॲल्युमिनियम हेडमध्ये १० मि.मी. आट्याच्या प्लगला एनजीके १० ते १२ न्यूटन-मीटर सांगते, १२ मि.मी.ला १५ ते २०, १४ मि.मी.ला २५ ते ३०. बारा न्यूटन-मीटर म्हणजे किती? वीस सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला सहा किलोचा भार. गव्हाच्या पिठाची पाच किलोची पिशवी आणि वर एक किलो साखर, बस. हाताला हे फारच थोडे वाटते. "एवढंच?" असे बाबा दर वेळी म्हणतात, आणि मोह मलाही होतो. रेंच टिचकी वाजवतो तिथे थांबायचे, खात्रीसाठी दुसरी टिचकी नाही.

रस्त्यावर रेंच नसेल तर प्लगच्या खोक्यावर फेऱ्याचे चित्र असते ते पाळा. नव्या प्लगची गॅस्केट रिंग दबायची असते, म्हणून तळाला टेकल्यावर तो जास्त फिरतो. बऱ्याच खोक्यांवर अर्ध्या फेऱ्याच्या आसपासचे चित्र असते. तोच जुना प्लग परत लावायचा असेल तर रिंग आधीच दबलेली असते, तेव्हा घड्याळातल्या एका तासाएवढेच, म्हणजे बाराव्या भागाएवढे.

प्लग सैल राहिला तरी वाईटच. त्याची उष्णता गॅस्केटमधून हेडकडे जाते; रिंग दबली नाही तर टोक तापत राहते. रेंच विकत घेतला तो या दोन्ही टोकांसाठी.

जोडणी आणि पहिला स्टार्ट

कॉइलच्या रबराच्या आतल्या कडेला डायलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर लावा. ते वीज वाहत नाही; पाणी अडवते आणि पुढच्या वेळी रबर चिकटू देत नाही. कॉइल सरळ खाली दाबा, प्लगच्या टोकावर बसल्याचे हाताला कळते. वायरचे जोड ज्याचे त्याला.

टाकी ठेवण्याआधी हत्यारे मोजा. माझा एक ८ चा पाना एकदा पूर्ण महेश्वरवारी करून आला होता, टाकीखाली.

पेट्रोलचा पाइप 'टक्' आवाज येईपर्यंत बसवा आणि मागे ओढून खात्री करा. नळ्या मुरगळल्या नाहीत ना बघा. वाफेची नळी टाकीखाली चेपली गेली तर टाकीत पोकळी होऊन गाडी शंभर किलोमीटरवर बंद पडते आणि आपण बिचाऱ्या प्लगला दोष देतो. बॅटरीची निगेटिव्ह शेवटी. चावी फिरवून पंपाचा आवाज ऐका, बंद करा, दोनतीनदा तसेच. मग पाइपच्या जोडावर बोट फिरवा आणि वास घ्या. कोरडे असेल तरच स्टार्टर.

बॅटरी सोडली होती म्हणून पहिले मिनिट आयडलिंग वरखाली होऊ शकते, ते स्थिर होते. एकच सिलिंडर चालल्यासारखा फटफटाट आला तर बंद करा. बहुतेक वेळा कॉइलचा जोड अर्धवट बसलेला असतो. फुस्स-फुस्स असा तालात आवाज येत असेल तर प्लग सैल आहे. आणि प्लग बाहेर काढून हेडला टेकवून ठिणगी बघण्याचा जुना खेळ इंजेक्शनच्या गाडीवर नको: शेजारच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते आणि कॉइलमध्ये हजारो व्होल्ट असतात.

मी राऊपर्यंत जाऊन येते, एकदा शांत, एकदा गिअर वर ठेवून ओढून बघत. परत आल्यावर पोह्यांच्या आधी टाकीखाली पुन्हा वास घ्यायचा.

तारीख आणि किलोमीटर टेपवर लिहून सीटखाली चिकटवा. जुने प्लग खराब झालेले नसतील तर एक जोडी नव्या प्लगच्या खोक्यात, टोकाला कागदी नळी घालून, टूरच्या डब्यात ठेवा. रबरी पाइपचा तुकडाही तिथेच. पेट्रोलची फडकी आधी बाहेर सावलीत वाळवायची आणि मग कचरागाडी आली की ओल्या-सुक्यात न टाकता घातक कचऱ्याच्या खणात द्यायची. आमचा गाडीवाला ती वास घेऊनच ओळखतो.